मी फक्त दादालाच सांगितलं होतं

आजारी पडायचं नाटक करावं तर मीच! शाळेत होते तोवर पोटदुखी, चक्कर, उचकी, सगळं बाईंच्या नाकासमोर हुबेहूब करून दाखवलंय. नववीनंतर शाळाच सोडली, आणि एवढी मोठी कला घरी भांडी घासत बसली!

म्हणून वरच्या मजल्यावरचे कारकूनकाका जिना उतरून आले, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. काका नगरपालिकेत आहेत. गावातल्या तिन्ही सरकारी ॲम्ब्युलन्सवर तिथल्या आरोग्य समितीची नजर असते, आणि समितीचे सभापती गुपचूप तपासणी घेणार होते. खोटा पेशंट झोपवायचा, फोन लावायचा, गाडी किती वेळात येते ते बघायचं.

"उद्या सकाळी, माझ्याच घरी," काका कुजबुजले. "पण तुझ्या दादाला एक अक्षर बोलायचं नाही!"

आता आमचा दादा पडला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. मागच्या तपासणीत त्याची गाडी उशिरा पोचली होती. या वेळी उशीर झाला की नोकरी गेलीच! आणि मी गप्प बसू? मी काय दगड आहे?

"दादा, फक्त तुला सांगते हं," मी म्हणाले. "आणि तो सभापती महाबेरकी आहे. मधेच काहीतरी सोंग करून तुझं लक्ष दुसरीकडे वळवेल. त्याच्याकडे ढुंकूनही बघू नकोस. पेशंट मी!"

हे सोंगाबिंगाचं मला कुणी सांगितलं नव्हतं. डोकं आहे, म्हणून चालवलं.

सकाळी सभापतीसाहेब येणार म्हणून मी अख्खा जिना साबणाने घासला. साहेब आले, मुठीत स्टॉपवॉच घेऊन. मी काकांच्या कॉटवर डोळे फिरवून पडले. काकांनी फोन लावला, "हॅलो, माझी पुतणी एकदम..."

भोंगा! फोन ठेवायच्या आत दारात भोंगा!

"इतक्या लवकर?" साहेब बघायला जिन्याकडे धावले, आणि मग धाड, धाड, धाड! बटाट्याचं पोतं गडगडत गेल्यासारखा आवाज!

"आई गं! मेलो! पाय मोडला!"

जिना अजून ओला होता.

दादा स्ट्रेचर घेऊन वर आला, साहेबांना सरळ ओलांडून. त्याच्यामागे दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर, त्याच्यामागे तिसऱ्या गाडीचा! दादाने फक्त दुसऱ्याला सांगितलं होतं, दुसऱ्याने फक्त तिसऱ्याला. तिन्ही गाड्या पहाटेपासून गल्लीच्या तोंडाशी दबा धरून!

"अरे, मला उचला!" साहेब खालून किंचाळले.

"काय नट आहे हो!" तिसरा म्हणाला. "डोळ्यांत पाणीसुद्धा आणलंय!"

"दादा, ते खरंच..."

"बोलू नकोस, श्वास घे!" दादाने माझ्या तोंडावर मास्क कोंबला, हातपाय पट्ट्यांनी आवळले. मी भुवयांनी खुणा केल्या.

"झटके येतायत!" दुसरा ओरडला.

झालं! पेशंट ज्याला त्याला आपल्याच गाडीत हवा! एकाने मला डोक्याकडून ओढलं, दुसऱ्याने पायाकडून. शेवटी दादा जिंकला. साहेबांनी काकांना आधीच दम दिला होता, काही झालं तरी पेशंटला सोडायचं नाही. काका हुकमाचे ताबेदार! "साहेब, आज्ञा तुमचीच," म्हणत तेही साहेबांना ओलांडून माझ्यामागे. मागून उरलेल्या दोन गाड्याही भोंगे वाजवत निघाल्या, वरातीसारख्या!

जिन्यात पडल्या पडल्या साहेबांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. उत्तर आलं, "तिन्ही गाड्या एका गंभीर पेशंटबरोबर आहेत. थांबा!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि निदान केलं, "हिला भूक लागलीय." तेवढ्यात साहेब आले. भाजीवाल्याच्या हातगाडीवरून, मोडका पाय कोबीत रुतवून, मुठीतलं स्टॉपवॉच अजून चालूच!

दादाचा चेहरा पांढराफटक. मीसुद्धा आयुष्यात पहिल्यांदाच खरी आजारी दिसत असणार.

"साहेब, अहवालात काय लिहू?" काकांनी चाचरत विचारलं.

साहेबांनी दादाकडे पाहिलं, कोबीकडे पाहिलं, दारातल्या गर्दीकडे पाहिलं. खरं लिहायचं तर सभापती स्वतः कोबीबरोबर आले, हेही लिहावं लागणार!

"गाडी वेळेआधी पोचली," ते दातओठ खात म्हणाले. "लिहा! पण पुढची तपासणी कडक गुपित!"

दादाची नोकरी वाचली. साहेबांना प्लास्टर घालायला आत नेलं. लगेच काका नर्सबाईंच्या कानाला लागले, "फक्त तुम्हाला सांगतो हं, पुढच्या सोमवारी, बाजारात..."

मी डोळे मिटून पडले होते. कान थोडेच मिटता येतात? पण आईशप्पथ, या वेळी कुणाला म्हणजे कुणालाच सांगणार नाही!

फक्त दादाला.