भाऊकाकांचा तबकडीवर बहिष्कार

लीड्समधल्या तमाम मराठी जनतेस कळवण्यास अत्यंत खेद होतो, की आमचे शेजारी भाऊकाका यांनी एका तबकडीवर बहिष्कार टाकला आहे.

तबकडी साधीसुधी नव्हे. साठ वर्षांपूर्वीचं, 'सोल' संगीतातलं इंग्रजी ड्युएट. एक पुरुष आणि एक बाई आळीपाळीने एकमेकांवर जीव ओवाळून टाकतात. काकांनी लग्नाच्या वर्षी ती इथल्या मार्केटात सेकंडहँड घेतली, आणि तेव्हापासून लग्नाच्या दर वाढदिवसाला ते ती स्वतःच्या हाताने लावतातच.

काका मुळात संतापी. तीस वर्षं बस चालवली, तीही कुणावर तरी चिडूनच. कौन्सिलने कचऱ्याचा बिन उचलला नाही, दुकानदाराने शिळी कोथिंबीर दिली, की ठरलेली गर्जना: "मला लेखी खुलासा पाहिजे!"

या वेळचा गुन्हा मात्र माझा. चहा पिता पिता मी मुद्दामच काडी टाकली. "काका, ते दोघं एकत्र गायलेच नाहीत म्हणे. तो एका दिवशी गायला, ती दुसऱ्या. टेप नंतर जोडली."

कप बशीत आपटला. "म्हणजे ती गात होती तेव्हा हा तिथे नव्हता?"

"नव्हता."

"आणि चाळीस वर्षं मी याला प्रेम समजतोय? मला लेखी..."

"कोण देणार, काका?"

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला हॉल भरला होता. सुमनकाकूंना तेच गाणं हवं होतं, तबकडी त्या सोबत घेऊनच आल्या होत्या. काका माइकवर गरजले, "एकमेकांचं तोंड न बघता गायलेलं गाणं इथे वाजणार नाही!"

काकूंनी केकची सुरी खाली ठेवली. "अहो, तुमची पहाटेची बस, माझी हॉस्पिटलात रात्रपाळी. आपण तरी कुठे तोंडं बघितली? चिठ्ठ्यांवरच संसार केला ना?"

हॉल हसला. ही संधी साधून मी तबकडी पाकिटातून ओढली, तर तिच्यामागून दहा-बारा पिवळट चिठ्ठ्या टेबलावर सांडल्या. 'आमटी गरम करून घ्या.' खाली काकांचं अक्षर: 'घेतली. मीठ कमी.'

काकूंनी एक उचलली. वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला. "'दुपारी बसवरून आलात की मला उठवा. थोडं बोलू.' कितीदा लिहिलं मी हे! एकदाही उठवलं नाहीत. का हो?"

माइक चालूच आहे हे विसरून काका काकूंवरच खेकसले, "उठवणार कसं? झोपलेली इतकी छान दिसायचीस!"