मंदाकिनी दलदल

पोपटकाका खुर्ची परत न्यायला आले नव्हते. ती धडधाकट आहे ना, एवढंच बघायला आले होते. दिलेली वस्तू अधूनमधून पाहून जायची त्यांची सवय कोपरीच्या ‘शुभंकर’ सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होती. पण खुर्चीकडे निघालेली त्यांची नजर वाटेतच दीप्तीच्या लॅपटॉपवर अडकली. पडद्यावर निळाशार समुद्र होता, नारळीची झाडं होती आणि मधोमध एक हिरवीगार टेकडी. त्या टेकडीवर एक चिमुकला माणूस धापा टाकत चढत होता. तो माथ्यावर पोचला आणि पडद्यावर ठळक अक्षरं उमटली : ‘पोपट टेकडी’.

“हे... मी का?” काकांनी चष्मा पुसला.

“तुम्हीच, काका. तुम्ही खुर्ची दिली नसती तर माझी पाठ कधीच मोडली असती.”

काका सोसायटीचे सेक्रेटरी. इतकी वर्षं पाण्याची टाकी धुवून घेतली, लिफ्टवाल्याशी भांडले, पण कुणी त्यांच्या नावाची साधी पाटीसुद्धा लावली नव्हती. आणि इथे आख्खी टेकडी! बाकी कुणाकुणाच्या जागा आहेत तेवढं विचारून ते जिन्याकडे धावले. सांगायला माणसं हवी होती.

प्रकरण असं होतं. पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने स्पर्धा ठेवली होती. त्यांच्या मॅप एडिटरवर उष्ण प्रदेशातलं एक बेट तयार करायचं, रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं, ज्याचं बेट आवडेल त्याला नोकरी. ॲनिमेशनचा कोर्स करून घरी बसलेल्या दीप्तीला ही नोकरी हवीच होती, कारण ‘मग पुढे काय?’ या प्रश्नाला द्यायची उत्तरं तिच्याकडची संपली होती. एडिटरमध्ये ब्रश फिरवला की जमीन वर येते, उलटा फिरवला की खाली जाऊन तिथे पाणी भरतं. काम मजेचं, पण ते करायला जागा लागते. दीप्तीच्या घरात भावाची जुळी मुलं होती आणि बाबांचा टीव्ही. म्हणून तळमजल्यावरच्या हौसाबाईंनी तिला स्वतःची पुढची खोली दिली. पोपटकाकांनी खुर्ची दिली. लॅपटॉप तापून बंद पडायचा, म्हणून मंदाकिनीकाकूंनी टेबलफॅन दिला. वरच्या मजल्यावरच्या विनीतने वायफायचा पासवर्ड दिला. दीप्ती मुलगी गुणाची. उपकार लक्षात ठेवणारी. तिने बेटावरच्या एकेका जागेला एकेकाचं नाव देऊन टाकलं.

सगळा घोटाळा झाला तो या चांगुलपणातून.

“माझं कुठेय?” मंदाकिनीकाकू दारातूनच म्हणाल्या. “पोपटराव म्हणाले, माझंही आहे. छान गार जागा आहे म्हणे.”

दीप्तीने मोठ्या हौसेने दाखवलं. बेटाच्या पूर्वेला खारफुटी होती. पाण्यात उतरलेली मुळं, संथ पाणी, त्यात हलणारी पानांची सावली, कडेला दोन बगळे. ठाण्याच्या खाडीवर जाऊन जाऊन, बघून बघून तिने ते केलं होतं. सगळ्या बेटावर तिचा खरा जीव होता तो तिथेच. चिमुकला माणूस आत शिरला आणि अक्षरं उमटली : ‘मंदाकिनी दलदल’.

काकूंनी ती अक्षरं दोनदा वाचली. हे लक्षण चांगलं नव्हतं.

“दलदल,” त्या शेवटी म्हणाल्या. “पोपटरावांना टेकडी नि मला चिखल.”

“काकू, बेटावरची सगळ्यात सुंदर जागा आहे ती!”

“मग ती त्यांना दे. आणि हे काय वळवळतंय?”

“मगर आहे. गेममध्ये थोडा धोका लागतो ना...”

“माझ्यातच लागतो का?”

पंखा त्यांचाच होता आणि लॅपटॉप तापला होता. दीप्तीने निमूटपणे पश्चिमेचा ‘विनीत किनारा’ काकूंच्या नावावर केला आणि दलदल विनीतला दिली. विनीत आयटीतला मुलगा, समजून घेईल असं तिला वाटलं. विनीत संध्याकाळी आला, त्याने स्वतः खेळून बघितलं, आणि दुसऱ्याच मिनिटाला ‘विनीत दलदली’तल्या मगरीने त्याला गिळलं.

“अगं यार, हा काय सीन आहे? वायफाय माझा, आणि मगर पण मलाच?”

“विनीतदादा, गेम आहे रे तो.”

“गेमच झालाय माझा,” असं म्हणून तो वर गेला. थोड्या वेळाने पडद्याच्या कोपऱ्यातली वायफायची खूण मावळली. पासवर्ड बदलला होता.

मग दीप्तीने किनाऱ्याचे दोन भाग केले, अर्धा काकूंना, अर्धा विनीतला. नवा पासवर्ड मात्र विनीतने राखूनच ठेवला. आता तरी शांतता होईल, असं तिला वाटलं. शांतता झालीही, पण दुसऱ्या दिवशी काकू खुर्ची ओढून पडद्यासमोर बसेपर्यंतच.

“दीप्ती, दुपारपर्यंत माझ्या किनाऱ्यावर ऊनच नाही. पोपटरावांची टेकडी आडवी येते.”

“सूर्य खरा नाहीये, काकू.”

“सावली तर पडते ना? उद्या तिथे कुणी कपडे वाळत घातले तर?”

दीप्तीने टेकडी थोडी खाली दाबली. काका नेहमीप्रमाणे खुर्ची बघायला आले आणि त्यांना टेकडी दिसली. “ही टेकडी? हा उंबरठा झाला!” ते म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यांदाच खुर्ची खरोखर परत नेली. तेव्हा दीप्तीने त्यांची टेकडी पुन्हा उंच केली, त्याबरोबर काकूंचा पंखा गेला. आता ती गव्हाच्या डब्यावर बसून, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने लॅपटॉपला वारा घालत बेट बनवत होती. समोर चहाचा कप ठेवून हौसाबाई म्हणायच्या, “घे आधी. गार हुतोय.” दीप्तीला थकून झापड आली की त्या खांद्याला हलवायच्या, “पडलीस व्हय? ऊठ. काय हुत न्हाई.” साताऱ्याकडून लग्न होऊन कोपरीत आलेल्या हौसाबाईंना नकाशा, ब्रश, एडिटर यातलं काही समजत नव्हतं, आणि समजून घ्यायची घाईही नव्हती.

रविवारी सकाळी पोपटकाकांनी तातडीची सभा बोलावली. सभा हौसाबाईंच्या खोलीतच भरली, कारण लॅपटॉपचा चार्जर एका विशिष्ट कोनातच चालायचा आणि तो कोन त्या खोलीतच सापडला होता. सोसायटीच्या पार्किंगचं भांडण जिथे कधी मिटलं नव्हतं तिथे बेटाचं कसं मिटणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण इथे जमीन हवी तेवढी वाढवता येत होती, त्यामुळे सगळे उदार झाले होते.

“ठराव असा,” काका म्हणाले, “की सर्वांना समान क्षेत्रफळाचा प्लॉट.”

“सी फेसिंग,” काकूंनी भर घातली.

“आणि प्रत्येकाला होडी लावायला वेगळी जागा,” विनीत म्हणाला. “मागाहून लफडं नको.”

ठराव एकमताने मंजूर झाला. दीप्तीने ब्रश फिरवला. टेकडी गेली, खारफुटी गेली, बगळे उडाले. वड्या पाडलेल्या ताटासारखं एक गोल, सपाट, सारखं कापलेलं बेट समुद्रात उरलं. चिमुकला माणूस त्याच्या मधोमध उभा राहून इकडेतिकडे बघू लागला. त्याला जायला कुठेच काही नव्हतं. दीप्तीचे डोळे भरून आले. हे पाठवलं तर नोकरी नाही, आणि नाही पाठवलं तरी नाही. पहिलं बेट तिने वेगळं जपून ठेवलं होतं, पण ते पाठवायला आता कुणी नेट देणार नव्हतं.

काका मात्र समाधानाने एकेका वडीवरचं नाव वाचत होते. “पोपट... मंदाकिनी... विनीत... वॉचमनचासुद्धा आहे, छान. हौसाबाईंचा कुठला?”

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. सगळ्यांसाठी चहा चालला होता.

“मावशींचा...” दीप्तीचा आवाज एवढासा झाला. “मी घातलाच नाही.”

“म्हणजे?”

“खरंच लक्षात नाही आलं, काका. तुमचे सगळ्यांचे आभार मानायचे होते. त्यांचे... घरच्यांचे कोण आभार मानतं?” बोलता बोलता तिचं तिलाच ते टोचलं. त्याच खोलीत बसून, त्याच बाईच्या हातचा चहा पिऊन तिने वॉचमनची आठवण ठेवली होती.

मग जे भांडण झालं ते आधीच्या सगळ्यांहून मोठं होतं.

“माझी टेकडी त्यांना दे,” काका म्हणाले.

“टेकडी कशाला? गुडघे दुखतात त्यांचे. माझा किनारा दे!”

“काकू, किनारा अर्धा माझा आहे, तो मी देणार!”

“तू गप रे, तू दोन दिवस पोरीचं नेट बंद ठेवलंस!”

“आणि पंखा कुणी नेला?”

हौसाबाई ताटात कप घेऊन बाहेर आल्या. भांडण कशावरून आहे ते त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि त्यांना हसू फुटलं.

“आवं, समदं बेटच माझ्या घरात बसलंय, आन मला टेकडी कशाला?” त्या म्हणाल्या. “च्या घ्या.”

सगळ्यांनी चहा घेतला. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळ्यांत आधी कप खाली ठेवून विनीत लॅपटॉपपाशी गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने पासवर्ड टाकला. काका वर जाऊन खुर्ची घेऊन आले. पंखा आला. दीप्तीने जपून ठेवलेलं पहिलं बेट उघडलं. टेकडी, किनारा, खारफुटी, बगळे, सगळं होतं तसं परत आलं आणि दीप्तीला एकदम हायसं वाटलं.

“दलदल माझीच राहू दे,” मंदाकिनीकाकू म्हणाल्या. “बगळे बरे आहेत. फक्त मगर जरा बारीक कर.”

बेटावर एक जागा अजून बिननावाची होती. गेममधला माणूस पडला, बुडाला, मगरीने खाल्ला, तर तो जिथे पुन्हा जिवंत होतो ती जागा. दीप्तीने तिथे एक सारवलेला ओटा बांधला, वर माडाची सावली धरली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि हौसाबाईंचं नाव लिहिलं. मग मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो पुढे करत म्हणाली, “मावशी, तुम्ही मला रोज उठवता ना, तसं बोला.” हौसाबाई बोलल्या. सहाच्या आत बेट पुण्याला गेलं.

उत्तर आलं तेव्हा पोपटकाका खुर्ची बघायलाच आले होते. दीप्तीने मोठ्याने वाचलं. नोकरी मिळाली होती. पुढे लिहिलं होतं, ‘एक अडचण आहे. आमचे खेळून बघणारे लोक बेट पूर्ण करतच नाहीत. ते मुद्दाम टेकडीवरून उडी मारतात, कारण त्यांना त्या ओट्यावर जागं व्हायला आवडतं. काहींना मराठी येत नाही, तरी ते तो आवाज ऐकायला पुन्हा पुन्हा मरतात. या हौसाबाई कोण?’

“उडी कुठल्या टेकडीवरून मारतात?” काकांनी विचारलं.

“तुमच्याच, काका.”

“मग हरकत नाही,” म्हणून काका जिन्याकडे धावले.

दीप्ती आत गेली. हौसाबाई कांदा चिरत होत्या. ती विळीसमोर खाली बसली. ती एवढंच म्हणाली, “मावशी, थँक्यू. तुमचे खूप आभार.”

हौसाबाईंची विळी थांबली. बेटावर नाव राहून गेलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी चढली नव्हती, ती आता चढली.

“आभार? नोकरी लागली तशी परकी केलीस व्हय मला?”

दीप्तीने तिथल्या तिथे आभार मागे घेतले आणि चहा मागितला.