देवघरातली गुडघ्याची बाटली

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की माणसाला सगळं लख्ख दिसायला लागतं, आणि त्यातलं निम्मं दिसलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतं. जगन्नाथरावांना आधी सोफ्याखालची धूळ दिसली, मग स्वतःच्या कानावरचे केस. आणि शनिवारी देवघरातली समई पुसताना दिसली ती गुडघ्याच्या गोळ्यांच्या बाटलीवरची अगदी शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ. कंटेन्स शेलफिश. श्रिम्प, क्रॅब. म्हणजे गोळ्या कोलंबी-खेकड्यांच्या सालांपासून केलेल्या.

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. मग घाबरत घाबरत देवांकडे बघितलं.

बाटली देवघरात असायचं कारण म्हणजे त्यांच्या बायकोची, शोभनाताईंची पद्धत. पूजा झाली की देवापुढची बाटली उचलायची, हात जोडायचे आणि दोन गोळ्या घ्यायच्या. वर्षापूर्वी त्यांच्या डॉक्टर लेकीनं, वैदेहीनं, ह्या गोळ्या आणि व्यायाम दोन्ही सुरू करून दिलं होतं. त्याआधी गुडघे असे धरले होते की दोघांचा तळ्याकाठचा संध्याकाळचा वॉकच बंद पडला. जगन्नाथराव काही दिवस एकटे गेले. पण अमेरिकेतल्या ह्या शुगर लँड गावच्या तळ्यावर मगरींपासून सावध राहायची पाटी आहे, आणि पाटीपाशी थांबून "मगर आली तर मला टाकून पळाल ना?" असं विचारणारं कोणी बरोबर नसेल, तर त्या उकाड्यात चालायचं कशाला? तेही घरीच बसले. आता गुण गोळीचा की व्यायामाचा ते देव जाणे, पण ह्या वर्षी शोभनाताई पुन्हा पाटीपर्यंत येऊ लागल्या होत्या. जगन्नाथरावांना आयुष्यात आणखी काही नको होतं.

आणि आता ही ओळ. शोभनाताई सांगलीच्या, कट्टर शाकाहारी. दुकानात चीजचं पाकीट उलटंपालटं करून वाचल्याशिवाय गाडीत टाकत नसत. जगन्नाथराव मालवणचे. लग्नाआधी त्यांनी मासे सोडायचा शब्द दिला, आणि पुढं नोकरी लागली ती ह्या ह्यूस्टनच्या बाजूला, जिथं समुद्रातली ताजी कोलंबी रस्त्याकडेला बर्फात मांडून विकतात. गेली चाळीस वर्षं ते गाडीच्या काचा वर करून तिथून जात होते.

हिला सांगितलं तर ती गोळ्या आजच बंद करणार. नाही सांगितलं तर पाप. त्यात सोमवारपासून श्रावण. त्यांनी मधला मार्ग काढला. नखानं खरवडून लेबल काढलं आणि मक्यापासून केलेल्या शाकाहारी गोळ्या आणून गुपचूप त्याच बाटलीत भरल्या.

"अहो, लेबल कुठं गेलं हिचं?"

"समई पुसताना पाणी सांडलं."

"आणि गोळ्या पांढऱ्या कशा झाल्या?"

"कंपनीनं रंग बदलला असेल. आजकाल सगळंच बदलतात."

शोभनाताईंनी 'हं' केलं आणि बाटली जागच्या जागी ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात त्या तळ्यावर बाकापाशीच थांबल्या. "आज इथूनच परत फिरू या. गुडघा जरा बोलतोय."

पुढच्या दोन दिवसांत वॉक घराच्या ड्राइव्हवेपर्यंत आला. रात्रभर जगन्नाथरावांचा डोळा लागला नाही. मक्यात दम नाही, हे उघड होतं. जुन्या गोळ्या त्यांनी गॅरेजमध्ये टूलबॉक्सात लपवल्या होत्या. पहाटे त्या काढून ते देवघरात आले आणि बाटलीत भरू लागले. बायकोला श्रावणात, तेही जाणूनबुजून, कोलंबी खाऊ घालायची. ते पुटपुटले, "देवा, जे काय पाप आहे ते माझ्या खात्यावर टाक. हिला फक्त चालू दे."

"काय टाकायचंय खात्यावर?" मागून शोभनाताईंनी विचारलं.

चार गोळ्या घरंगळत थेट बाळकृष्णाच्या पायाशी गेल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. जगन्नाथरावांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. शोभनाताई शांतपणे पाटावर बसल्या, गुडघ्याला हात लावून.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कोलंबीचं. चीज वाचून घेणारी मी, पोटात जाणारी गोळी न वाचता घेईन होय? पहिल्याच दिवशी वाचलं. देवाला सांगूनच घेत होते, म्हणून तर बाटली इथं ठेवली."

"आणि मला नाही सांगितलंस?"

त्यांनी बाळकृष्णाच्या पायाशी पडलेल्या गोळ्या वेचल्या. "चाळीस वर्षं तुम्हाला कोलंबीचा वास घेऊ दिला नाही, आणि मी रोज सकाळी दोन घेते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तुम्ही वॉकला जायचं सोडून घरात बसलात, ते मला बघवेना हो."

जगन्नाथरावांनी त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसकण मारली. तेवढ्यात त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला. "पण मग मक्याच्या गोळ्यांनी तुझे गुडघे का धरले?"

"मक्याच्या आहेत हे कोणी सांगितलं मला? श्रावण लागल्यापासून मी एकही गोळी घेतली नाहीये. तुम्हाला कळू नये म्हणून रोज दोन मोगऱ्याच्या कुंडीत टाकते."

दोघांनीही खिडकीतून कुंडीकडे पाहिलं. मोगरा जोरात होता.

त्या दिवसापासून शोभनाताईंनी मक्याच्या गोळ्या सुरू केल्या. श्रावण संपला, गणपती घरी येऊन गेले, आणि एका संध्याकाळी त्या पाटीपाशी थांबल्याच नाहीत. तशाच पुढं चालत गेल्या, रस्त्यापलीकडच्या एका हॉटेलात शिरल्या आणि स्वतःसाठी लेमोनेड आणि ह्यांच्यासाठी कोलंबी मागवली.

"अगं, मी शब्द दिलाय तुला."

"मी परत केला. खा आता."

जगन्नाथराव एकेक कोलंबी सोलून खात होते आणि मधेच डोळे पुसत होते. मसाला तिखट आहे, असं त्यांचं म्हणणं. शोभनाताई नाकाला पदर लावून समोर बसून होत्या. शेवटी वेटर ताटातला सालांचा ढीग उचलायला आला, तेव्हा त्यांनी हात आडवा केला.

"सालं राहू द्या हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मक्यानं गुण आला नाही तर लागतील."