वरच्या पाळकांचा गुडघा

"पाळकाची खुर्ची झिजली की समजावं, मंडळी आजारी आहे. गुडघे झिजू दे, बाळा, गुडघे."

शास्त्रशाळेतल्या म्हाताऱ्या गुरुजींचा हा आवाज त्या सकाळी वरच्या पाळकांच्या कानात घुमला, आणि डॉक्टरांनी बजावलेलं सगळं विसरून त्यांनी रिकाम्या चर्चमध्ये वेदीपुढे गुडघे टेकले. निघताना पाळकीणबाईंनी दारातच अडवलं होतं.

"खुर्चीतली प्रार्थना वर पोचत नाही, असं कुठे लिहिलंय का?"

"मला शास्त्र शिकवू नकोस."

"शास्त्र नाही हो, गुडघ्याचं सांगतेय."

त्यांना 'वरचे' म्हणत, कारण त्यांचं चर्च चढावर होतं. त्याच रस्त्याच्या उताराला दुसरं चर्च, त्याचे ते खालचे पाळक. दोघांचा देव एक, शास्त्र एक, गाणीसुद्धा बरीचशी तीच. पण एकमेकांकडे जायचं म्हटलं की एकाला चढ लागे आणि दुसऱ्याला उतरणं कमीपणाचं वाटे.

मधल्या इस्पितळाने आपली एक खोली देऊ केली होती. रुग्णांपाशी बसलेल्या नातेवाइकांना दोन घास गरम मिळावेत म्हणून तिथे स्वयंपाकघर काढायचं होतं. अट एकच, दोन्ही चर्चनी मिळून चालवायचं. आज दहाला मेट्रनबाई उत्तर घ्यायला येणार होत्या. जमत नसेल तर ती खोली औषधांच्या दुकानाला जाणार, आणि लोक जिन्यात बसून कोरडी बिस्किटं चघळत राहणार. गेल्या बैठकीत मात्र कारभार कोणाच्या हाती यावरून दोन्ही पाळक असे भिडले होते, की शेवटी पंचांनी चहा मागवून बैठक मोडली होती.

"प्रभू," वरचे पाळक कळवळून म्हणाले, "आज माझ्या जिभेवर असे शब्द ठेव, की खालच्यांना उत्तरच सुचू नये. आमेन."

आणि ते उठायला गेले. उजवा गुडघा 'कट' असा बोलला आणि जागच्या जागी रुसून बसला. पुन्हा जोर केला, तर कंबरेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कठडा हातभर लांब होता. फोन पहिल्या बाकावर, म्हणजे दुसऱ्या गावात असल्यासारखाच.

तेवढ्यात मावशी झाडू घेऊन आल्या. मावशी दोन्ही चर्च झाडायच्या. त्या रस्त्यावर ऐक्य म्हणून काही असेल, तर ते त्यांच्या झाडूला तेवढं जमलं होतं.

"साहेब, काही हवंय का?"

'हात द्या' एवढंच तर म्हणायचं होतं. पण गेल्याच रविवारी त्यांनी पुलपीटावरून ठणकावलं होतं, "जी मंडळी बसून प्रार्थना करते, ती बसूनच राहते." हे ऐकून संधिवाताच्या दोन आजीबाई रडवेल्या झाल्या होत्या. आता कोणत्या तोंडाने सांगणार?

"नको मावशी. प्रार्थना चालू आहे," ते दातओठ खात म्हणाले.

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि पाऊल न वाजवता बाहेर गेल्या. फाटकात पेटीमास्तर भेटले. "साहेब उजाडल्यापासून गुडघ्यावर आहेत," मावशी कुजबुजल्या. "चेहरा बघवत नाही, इतका जीव ओततायत."

पेटीमास्तर आत आले, त्यांनी तो चेहरा पाहिला आणि आपणहून पेटी धरली. पेटी ऐकून शेजारपाजारची माणसं आली. मागून किल्लीवाले पंच आले. चर्चच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कंबरेला असत आणि खालच्या मंडळीला आपल्या अंगणातली सावलीही देऊ नये, असं त्यांचं ठाम मत होतं.

"हे काय चाललंय?"

"हळू बोला," पेटीमास्तर म्हणाले. "प्रार्थना करतायत."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"दुसरं काय असणार? आज दहाला बैठक नाही का? खालच्या मंडळीशी जुळावं म्हणूनच."

वरच्या पाळकांनी हे ऐकलं आणि त्यांना घाम फुटला. खरं सांगायची ही दुसरी संधी होती. पण पाठीमागे एवढी माणसं असताना आता तोंड उघडणं म्हणजे भर उपासनेत झग्याची शिवण उसवल्याचं स्वतःच जाहीर करणं. ते गप्प राहिले. कळ मात्र गप्प राहिना. डोळ्यांतून पाणी आलं.

"बघा, धारा लागल्यात," कोणीतरी म्हणालं. बाकं सरकली आणि एकेक जण गुडघ्यावर आला. किल्लीवाले पंच थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग इकडेतिकडे बघून, किल्ल्या मुठीत धरून तेही टेकले.

दारातून हे सगळं ऐकून-पाहून मावशी खालचं चर्च झाडायला पोचल्या. खालचे पाळक नकाराचं उत्तर मनात घोळवत येरझाऱ्या घालत होते.

"साहेब, वरचे साहेब सकाळपासून तुमच्यासाठी गुडघ्यावर आहेत. रडतायत."

"ते? माझ्यासाठी?"

"मी खोटं कशाला बोलू? सगळी मंडळी बसलीय."

खालचे पाळक जागीच थांबले. मग चपला घालून, इतक्या वर्षांत कधी न चढलेला चढ धापा टाकत चढले. चर्चमध्ये शिरले, सगळ्यांचे मिटलेले डोळे पाहिले, आणि वरच्या पाळकांच्या शेजारी गुडघे टेकून बसले.

"मला माफ करा," ते हळूच म्हणाले. "मी नाही म्हणायचं ठरवून बसलो होतो. तुमचं हे पाहिलं आणि लाज वाटली. चालवू आपण स्वयंपाकघर. कारभार तुम्हीच बघा."

जे मागितलं होतं ते सगळं न भांडता पदरात पडलं होतं. फक्त 'आमेन' म्हणायचं आणि गप्प बसायचं. वरच्या पाळकांनी डोळे मिटले. गुरुजींनी गुडघे झिजवायला सांगितलं होतं, त्यावर खोटं उभं करायला नव्हतं सांगितलं.

"साहेब," ते म्हणाले, "मी तुमच्यासाठी प्रार्थना नव्हतो करत. तुम्हाला उत्तर सुचू नये, एवढंच मागितलं. मग गुडघा अडकला. तेव्हापासून असाच आहे."

मग खालच्या पाळकांचे खांदे हलू लागले. मागे कोणीतरी हुंदका दिला, "दोघंही रडतायत बघा."

"अहो," हसू आवरत खालचे पाळक म्हणाले, "मग मला कोण उठवणार? माझी कंबर गेल्या वर्षीच गेलीय. मला वाटलं, तुम्ही उठाल तेव्हा तुमचा आधार घेईन."

"आता?"

"खांद्यावर हात टाका. मी तुमच्या टाकतो."

"आधी कोण उठणार?"

"त्याच्यावरून एक बैठक मोडलीय. एकदमच उठू."

दोघांनी एकदम जोर केला. दोन गुडघे आणि एक कंबर अशी वाजली, की पेटी थांबली आणि सगळ्यांचे डोळे उघडले. दोन्ही पाळक एकमेकांच्या गळ्यात पडल्यासारखे डुलत उभे होते. त्याच अवस्थेत वरच्या पाळकांनी मंडळीला सगळं सांगितलं, मागितलेल्या शब्दांसकट. आणि संधिवाताच्या आजीबाईंची माफी मागितली.

"म्हणजे आम्ही इतका वेळ उगाच गुडघे टेकले?" किल्लीवाले पंच म्हणाले.

"उगाच कसं?" परत आलेल्या मावशी दारातून म्हणाल्या. "तेवढा वेळ कोणी भांडलं नाही."

दहाला मेट्रनबाई आल्या, तेव्हा दोघं पहिल्या बाकावर पाय लांब करून बसले होते आणि पाळकीणबाई तेल चोळत होत्या.

"कारभार कोण बघणार?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"दोघं," खालचे पाळक म्हणाले. "एकट्याला आम्हाला उठताही येत नाही, ते आत्ताच कळलंय." मग वरच्यांकडे वळून म्हणाले, "उद्यापासून सकाळची प्रार्थना बरोबर करू. आधी माझ्याकडे या. पण आमच्याकडे नुसती बाकं आहेत, पाठ टेकायला काही नाही."

"येतो. नक्की येतो."

दुसऱ्या दिवशी उजाडता वरचे पाळक घडीची खुर्ची काखेत मारून निघाले. पाळकीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी दुसऱ्या हातात एक उशी दिली. निम्म्या उतारावर, इस्पितळाच्या खोलीसमोर, गुडघा कुरकुरला. त्यांनी खुर्ची उघडली, बसले आणि खालच्या पाळकांच्या कंबरेसाठी प्रार्थना केली. काल राहून गेलेली ती. मग खुर्ची मिटली, उशी नीट धरली आणि सावकाश उतरू लागले.