हेल्पलाइनचं गाऱ्हाणं

आपल्या धंद्याचा फोन यापुढे माणसाने उचलायचा नाही, असं आत्माराम शिगवण यांनी एका बुधवारी ठरवलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं. माणसाने म्हणजे खरं तर त्यांच्या बायकोने. पण तसं तोंडावर बोलायची छाती नव्हती, म्हणून ते ‘माणसाने’ म्हणाले.

आत्माराम हे शिगवण ट्रॅव्हल्सचे मालक. वेळणेश्वरहून गुहागर-चिपळूण करत लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामगारांना शिफ्टला पोचवणाऱ्या दोन मिनीबसा त्यांच्या. ऑफिस घराच्या पडवीत आणि ऑफिसच्या फोनवर दीपालीवहिनी. वहिनींचं काम चोख होतं, फक्त लांब होतं. गाडी किती वाजता सुटणार एवढं विचारायला कोणी फोन केला, की तो कुठल्या वाडीचा, कुणाचा मुलगा, आई सध्या मुंबईला थोरल्याकडे की गावात आणि तिचा गुडघा आता कसा आहे, हे वहिनी आधी विचारून घेत. वेळ सांगेपर्यंत बऱ्याचदा गाडी सुटलेली असे. तरी कोणी कुरकुर करत नव्हतं, कारण गुडघ्याची चौकशी करणारी ट्रॅव्हल्स तालुक्यात दुसरी नव्हती.

कुरकुर केली ती साळवीसाहेबांनी. लोट्यातल्या एका मोठ्या कंपनीत कामगारांच्या गाड्या ठरवण्याचं काम या साहेबांकडे होतं आणि वर्षाच्या कंत्राटासाठी आत्माराम आठ महिने त्यांचे उंबरे झिजवत होते. साहेबांनी दोनदा फोन केला, तर लाइन बिझी. तिसऱ्यांदा वहिनी भेटल्या. साळवी हे आडनाव ऐकताच वहिनींनी त्यांचं आपल्या मावशीच्या सासरशी नातं जुळवलं, त्यांना ‘भावोजी’ करून टाकलं आणि ते सर्दीने शिंकले म्हणून कुळथाच्या पिठीत लसूण कधी घालायची तेही सांगितलं.

‘‘शिगवण, माणूस रस्त्यात अडकला तर त्याला उत्तर हवं, पिठी नको,’’ साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले. सोमवारी अकरा वाजता ते मोठ्या साहेबांसमोर स्पीकरवर फोन लावणार होते. व्यवस्थित हेल्पलाइन लागली तर कंत्राट, नाहीतर खेडचा एक जण तयारच होता.

हे कंत्राट हुकणं परवडणारं नव्हतं. ज्या कारखान्यासाठी दोन्ही बसा आजवर धावत होत्या, तो पुढल्या महिन्यापासून स्वतःच्या गाड्या घालणार होता. मग बसा अंगणात आणि आत्माराम भांडुपला मेहुण्याच्या खोलीत, हे ठरलेलं होतं. (मेहुण्याला हे अजून माहीत नव्हतं.) शिवाय कंत्राटाच्या अर्जात आत्मारामांनी तीन गाड्या लिहिल्या होत्या. तिसरी गाडी खोटी नव्हती. ती चिपळूणच्या शोरूममध्ये उभी होती, ते तिला रविवारी जाऊन बघूनही येत. फक्त ती अजून घ्यायची होती.

त्यांनी मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. आपल्या आवाजात सूचना भरायच्या, फोन आला की त्या आपोआप वाजतात आणि समोरच्याने आकडे दाबायचे, अशी सोय होती. गाडीच्या वेळेसाठी एक, तक्रारीसाठी दोन, गाडीत विसरलेल्या डब्या-छत्र्यांसाठी तीन आणि मालकांशी बोलण्यासाठी नऊ. आत्मारामांनी दोन संध्याकाळी खर्चून मजकूर लिहिला. त्यात ‘आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे’ हे वाक्य आलं, तेव्हा एवढा महत्त्वाचा आहे तर उचलत का नाही, असं वहिनींनी विचारलं. आत्मारामांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

आत्मारामांचा आवाज एरवी बरा, पण रेकॉर्डिंगचं लाल बटण दिसलं की तो तेराव्याचं आमंत्रण दिल्यासारखा येई. ‘शिगवण ट्रॅव्हल्समध्ये आपलं स्वागत आहे’ हे त्यांनी इतक्या दुःखाने म्हटलं की शेजारची मैनाआजी काठी टेकत विचारायला आली. शेवटी नाइलाजाने वहिनींना बसवलं.

‘‘गाडीच्या वेळेसाठी एक दाबा,’’ वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच.

‘‘पुढे बोल ना,’’ आत्माराम म्हणाले.

‘‘अहो, त्याने दाबलं की नाही, ते तर बघू दे.’’

समोर कोणी नाही आणि हुं की चूं न करणाऱ्याशी बोलायचं, हे वहिनींना जमेना. मग आत्माराम समोर बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवू लागले, तेव्हा काम पुढे सरकलं. रविवारी सकाळपर्यंत सगळे आकडे झाले. स्वागताचा निरोपही तेराव्या खेपेला छान उतरला. आता चालू करायचं एवढंच बाकी होतं, तोच काशीरामकाका आले.

काशीरामकाका म्हणजे आत्मारामांचे चुलते आणि शिगवणांच्या भावकीतले सगळ्यांत वडील. कोकणात नवं काही सुरू करायचं, तर आधी गाऱ्हाणं घालतात. वडीलधारा माणूस देवाला मोठ्याने सगळी परिस्थिती सांगतो, काय हवं ते मागतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला ‘व्हय महाराजा’ म्हणतात. भावकीतला पाण्याचा पंप, पिठाची गिरण, दोन्ही मिनीबसा, सगळ्यांची गाऱ्हाणी काकांनीच घातलेली होती. आपल्याला न सांगता फोन बसवलात, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. पण नारळ ते घरून घेऊनच आले होते.

पाटावर मोबाइल ठेवला, अक्षता आल्या, निरांजन आलं. विठू ड्रायव्हर गाडी धुवत होता, त्यालाही बोलावलं. मग काकांनी यंत्र चालू करायला सांगितलं. बंद यंत्र देवाला दाखवून उपयोग नाही, पंपाच्या वेळी पंप चालू होता, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं म्हणता येत नव्हतं. मोबाइल चालू आहे हे दाखवायला त्यावर काहीतरी हलताना दिसायला हवं होतं. स्वागताचं पान उघडंच होतं, म्हणून आत्मारामांनी तिथलं लाल बटण दाबलं. आकडे पळू लागले. काकांचं समाधान झालं आणि त्यांनी हात जोडले.

‘‘बा देवा महाराजा, वेळणेश्वरा, आई वाघजाई, बारा वाडीच्या, बारा वहिवाटीच्या देवा महाराजा, आज तुझं लेकरू आत्माराम ह्यो फोन बसवतंय, त्याला यश दे महाराजा.’’

‘‘व्हय महाराजा.’’

‘‘कंपनीला तीन गाड्या हायत म्हणून लिवून दिलान. हायत दोनच. तिसरी तू दे महाराजा.’’

‘‘व्हय महाराजा,’’ वहिनी आणि विठू म्हणाले. आत्मारामांना ठसका लागला. पण गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलायचं नसतं आणि देवापुढे काही लपवायचंही नसतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

‘‘दोन नंबरच्या गाडीचा किलच गेला का ऱ्हायला, ते तुलाच ठाव. परशुरामाच्या घाटात तिला हात दे महाराजा. इठू डायवर गाडी चालवताना मोबायल बघतो, त्याला बुद्दी दे महाराजा.’’

इथे विठूचा ‘व्हय महाराजा’ थोडा बारीक निघाला.

‘‘साळवी म्हणून एक सायब हाय. मानूस बरा, पन ताठ हाय. त्याचं मन वळीव महाराजा.’’

अशी सहा-सात मिनिटं गेली. शेवटी काकांनी अंगठा कुंकवात बुडवला आणि मोबाइलला टिळा लावला. लावला तो नेमका ‘जतन करून सुरू करा’ या हिरव्या बटणावर. सकाळचं छान स्वागत पुसलं गेलं आणि त्या जागी गाऱ्हाणं बसलं. हे त्या घरात कोणालाच कळलं नाही. टिळा पुसायला काकांनी मनाई केली, त्यामुळे दिसण्याचाही प्रश्न नव्हता.

आत्मारामांना एकदा स्वतः फोन लावून बघायचं होतं. त्यावर काका म्हणाले, भवानी घरच्या माणसाने करायची नसते, पहिला फोन गिऱ्हाइकाचाच यायला हवा. गुहागरच्या बाजारात सकाळची पहिली विक्री कोणी स्वतःलाच करतो का? आत्माराम गप्प बसले. शिकलेला माणूस असूनही गप्प बसले, हे त्यांनी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. पण कोणाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

सोमवारी अकरा वाजून दोन मिनिटांनी अ‍ॅपवर लोट्याचा नंबर आला. फोन आपोआप लागला. आत्माराम पडवीत मोबाइलसमोर बसून होते, बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं, नुसती वेळ दिसत होती. एक मिनिट झालं. दोन झाली. तीन झाली.

‘‘ठेवत नाहीये,’’ ते वहिनींना हळूच म्हणाले. ‘‘याला म्हणतात सिस्टीम.’’

पावणेसात मिनिटांनी फोन बंद झाला आणि लगेच त्याच नंबरावरून पुन्हा आला. पुन्हा पावणेसात मिनिटं. आत्मारामांनी शर्टाची कॉलर नीट केली. आपल्या मजकुरात एवढं ऐकण्यासारखं काय आहे, हे त्यांना स्वतःलाही आठवेना. पण मोठ्या कंपन्यांत दर्जाची कदर असते, असं त्यांनी वहिनींना समजावलं. मग कोणताही आकडा का दाबला नाही, असं वहिनींनी विचारलं.

त्याचं उत्तर विठूकडून आलं. त्याचा फोन आत्मारामांच्या खाजगी नंबरावर, तोही अनोळखी मोबाइलवरून आला.

‘‘शेठ, मी मोबायल बघतो, ते देवाला सांगितलंत त्याचं काय नाय. पॅशिंजरांना कशाला सांगितलंत?’’

गाडीतल्या एकाने उद्याची वेळ विचारायला हेल्पलाइनला फोन लावला होता, तोही स्पीकरवर. बावीस माणसांनी गाऱ्हाणं पुरं ऐकलं, जागच्या जागी ‘व्हय महाराजा’ म्हटलं आणि मग विठूचा मोबाइल काढून घेतला. दोन नंबरची गाडी आहे हे कळल्यावर घाटात सहा जण खाली उतरून चालायला लागले होते, असंही तो म्हणाला.

वहिनींनी तिथल्या तिथे आपल्या मोबाइलवरून हेल्पलाइन लावली. ‘बा देवा महाराजा’ एवढे शब्द आले आणि सवयीने त्यांचे हात जोडले गेले.  आत्माराम अ‍ॅपशी झटापट करू लागले. अ‍ॅप पासवर्ड मागू लागलं, जो त्यांना आठवत नव्हता. त्यांनी अ‍ॅपवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. त्यांचा कॉल अत्यंत महत्त्वाचा असल्याचं एका बाईने त्यांना दहा मिनिटं सांगितलं. तोवर हेल्पलाइनवर आणखी एकोणतीस फोन येऊन गेले, त्यातले निम्मे वेळणेश्वरातलेच होते. वाडीत बातमी पोचली होती.

दुपारी साळवीसाहेबांचा फोन आला. आत्मारामांनी तो उभ्यानेच घेतला.

‘‘दोनदा ऐकलं,’’ साहेब म्हणाले. ‘‘मोठे साहेब सुरतेचे. हे काय चाललंय, म्हणून त्यांनी विचारलं. मला प्रत्येक वाक्य हिंदीत करून सांगावं लागलं.’’

‘‘सगळं?’’

‘‘क्लचसकट. ‘ताठ’ला हिंदीत काय म्हणतात ते मला सुचलं नाही. मी शिस्तप्रिय म्हणालो.’’

 भांडुपच्या खोलीत आपली वळकटी कुठे मावेल, याचा आत्मारामांनी अंदाज घ्यायला सुरुवात केली होती. त्यामुळे पुढचं बोलणं साहेबांना दोनदा सांगावं लागलं. मोठ्या साहेबांच्या उभ्या नोकरीत एकाही कंत्राटदाराने आपल्या गाडीतला दोष आपणहून सांगितलेला नव्हता. इथे हेल्पलाइन उचलताच सगळा हिशेब पुढे ठेवला जातो, हे त्यांना फार आवडलं होतं. क्लच या आठवड्यात बदलायचा आणि कंत्राट तीनऐवजी दोन गाड्यांचं.

आत्मारामांच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं होतं, आणि लाजेचंही होतं. त्यांनी ते दोन्ही पुसलं.

‘‘फक्त दर महिन्याला गाड्यांच्या स्थितीचा रिपोर्ट लागेल,’’ साहेब म्हणाले.

‘‘देतो साहेब. मी स्वतः लिहून देतो.’’

‘‘तुम्ही नको. तीन गाड्या तुम्हीच लिहिल्या होत्यात. काकांनी द्यायचा, देवापुढे उभं राहून. आम्ही फोनवर ऐकू.’’

तशी अट कागदावर आली आणि त्याखाली आत्मारामांनी मालक म्हणून सही केली. हेल्पलाइनच्या जागी वहिनी परत आल्या. कामगारांच्या आयांचे गुडघे मधल्या काळात बरेच दुर्लक्षित राहिले होते.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला देवाऱ्यासमोर फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे साळवीसाहेब छापील फॉर्म घेऊन बसले होते, अलीकडे घरचे हात जोडून उभे होते. दोन नंबरच्या गाडीला नवा किलच बसवलाय, तो टिकव महाराजा, असं काका म्हणाले. नोंद केली, असं साहेब म्हणाले. इठू आता गाडीत मोबायल बघत नाय महाराजा. नोंद केली. टायर बरे हायत. नोंद केली. सगळं सुरळीत चाललेलं पाहून आत्मारामांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

‘‘बाकी आत्माराम तसाच हाय महाराजा,’’ काका पुढे म्हणाले. ‘‘मोठेपणा मिरवायची खोड जात नाय. परवा लग्नात व्याह्यांना पाच गाड्या सांगितलान.’’

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.

‘‘काका, मालकासाठी या फॉर्मात रकाना नाही,’’ साळवीसाहेब म्हणाले. ‘‘‘दुरुस्ती प्रलंबित’मध्ये घालतो.’’

‘‘घाला भावोजी,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘माझ्याकडे एकोणीस वर्षं ते त्याच रकान्यात आहेत.’’