तातेरावांची गाडी आणि रॉकेलचा डबा

तातेरावांनी बैल जुंपता जुंपताच जाहीर केलं, "मनकर्णे, आजपासून तुझ्या डोक्यावर टोपलं दिसलं तर माझं नाव बदल!"

नवऱ्याचं नाव मनकर्णेनं लग्नात एकदाच घेतलं होतं. ते बदललं तरी तिला कसली तकलीफ होणार! तकलीफ होती ती मानेची. कयाधूकाठच्या मळ्यातून हिंगोलीच्या बाजारापर्यंत अठरा वर्षं भाजी वाहून तिची मान वळायचंच विसरली होती. कुणी हाक मारली की ती अख्खीच वळे, बैलगाडीसारखी!

म्हणून हा बेत. भाजी गाडीत, मनकर्णा भाजीशेजारी आणि गाडी थेट लोकांच्या दारात. बाजारापेक्षा ताजी, बाजारापेक्षा सस्ती! गाडी रिकामी झाली तर टोपलं सुटलं. भरलेली परत आली तर उद्या पुन्हा डोक्यावर.

"आरोळी म्या देते," मनकर्णा म्हणाली.

"तू फकस्त बस! राणीवानी!"

पण तातेरावांचा आवाज असा बारीक, जणू कोंबडी अंडं देऊन वर माफी मागतेय. म्हणून त्यांनी रॉकेलचा रिकामा डबा आणला होता. हिंगोलीतल्या पहिल्याच गल्लीच्या तोंडाशी त्यांनी तो इतक्या जोमानं बडवला, की बैलांनी कान पाडले.

धाड! धाड! दारं लागली. खिडक्या लागल्या. एक बाई अर्धं वाळत घातलेलं लुगडं तसंच टाकून आत पळाली.

"काहून पळून राहिले लोक?" म्हणत तातेरावांनी जवळचं दार ठोठावलं.

आतून म्हातारा आवाज आला, "घरात कोणी न्हाई!"

"मग बोलून कोण राहिलं?"

"भिकाबाई! पण तीबी गावाला गेली!"

"बाई, भाजी आणली, भाजी!"

"लबाडा! डबा वाजवत पलेगची सुई टोचणारेच येतात! मागच्या बारीला लाडू म्हणून दार उघडाया लावलं. दंड अजून वर व्हत न्हाई!"

तातेरावांनी पुरावा म्हणून दाराखालून कोथिंबिरीची काडी सरकवली.

"अवशिदाचा वास येतो!" काडी परत आली.

तातेराव मटकन गाडीच्या दांडीवर बसले. डोळे गेले ते मनकर्णेच्या मानेवर. "चल," ते पुटपुटले, "जाऊ घरी."

मनकर्णा गाडीतून उतरली. डोक्यावर पदर घेतला, दाराकडे अख्खी वळली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी कडाडली,

"कयाधूच्या काठी वांग्याला आला बहर,
तातेरावांनी माझ्यापायी पालथं घातलं शहर!"

मग भिकाबाईंची कडी वाजली.

"भाजीवालीच हाय गं बायांनो! सुईवाला उखाणा घेत न्हाई!"

दारं उघडली. गाडीभोवती झुंबड उडाली. तातेराव मात्र आपल्याच वांग्यांसारखे जांभळे होऊन बैलांची शिंगं पुसत उभे. अठरा वर्षांनी ऐकलेलं आपलं नाव त्यांना भलतंच देखणं वाटून राहिलं होतं. बदलायचा सवालच उरला नव्हता!

शिवाय दिलेला शब्द त्यांनी बराबर पाळला. मनकर्णेच्या डोक्यावर पुन्हा कधी टोपलं दिसलं नाही. गाडीत राणीवानी बसून ती गल्लोगल्ली नवा उखाणा घ्यायची. आणि दारोदार टोपलं पोचवायला तातेरावांचं डोकं रिकामंच होतं.