माईक चालू, थायरॉइड मंद

माझ्या शरीरात काय चाललंय ते डॉक्टरपेक्षा मला जास्त कळतं, असं मी छातीठोकपणे सांगत असे. एक्कावन्नावं लागलं, पाळी दोन-दोन महिने दांड्या मारायला लागली, तेव्हा मी घरात जाहीरच केलं, "हे पाळी जाण्याचे दिवस. आता जे होईल ते त्याच्यामुळेच. कुणी घाबरायचं नाही आणि मला डॉक्टरकडे न्यायचं नाही!"

जाहीर करणं हा माझा पेशाच आहे. बसस्थानकावर "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणणारी जी बाई असते ना, ती मी. सव्वीस वर्षं!

मग केस गळू लागले. पाळीचे दिवस! वजन सहा किलो वाढलं. पाळीचे दिवस! कातडी अशी कोरडी पडली की हात चोळले तर खोक्यावर खोकं घासल्यासारखा आवाज यायचा. एकदा मीच ताईला फोन लावला आणि ती "हॅलो" म्हणाल्यावर विचारलं, "आपण कोण?" तेही पाळीच्याच खात्यात!

पण आवाज बसला तेव्हा मात्र मी घाबरले. घसा खरखरू लागला आणि बोलणं इतकं संथ झालं की माझं वाक्य संपेपर्यंत गाडी फाटकाबाहेर पडलेली असायची.

"बाई, जरा उरका!" आमचे कंट्रोलरसाहेब म्हणाले. "गाडी गेल्यावर तुम्ही ती सुटणार म्हणून सांगताय! वरून विचारणा झाली, तर तुम्हाला पार्सल खिडकीवर बसवावं लागेल."

"साहेब, त्याचं काय आहे, माझे पाळी जाण्याचे..."

साहेब कानापर्यंत लाल झाले आणि नसलेल्या कामाला पळाले.

पार्सल खिडकी! सव्वीस वर्षांच्या आवाजानं आता खोकी मोजायची? त्या धसक्यातच दुसऱ्या दिवशी दुपारी मी तीन नंबर फलाटाची घोषणा केली आणि ताईला फोन लावला. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणजे या विषयातली जाणकार. बाहेर बाकीच्यांच्या अंगाची लाही होत होती आणि केबिनमध्ये मी एकटी स्वेटर, मोजे, शाल अशा थाटात! हात शालीत गुंडाळलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. माईकचं बटण बंद करायचं मात्र राहिलं.

"पोट साफ होतं का गं?" ताईनं थेट मुद्द्याला हात घातला.

"चौथा दिवस आहे, ताई!"

बाहेरचा गलका एकदम थांबला. मला वाटलं, आज लोक किती शिस्तीत आहेत!

"आणि घाम? मला तर भट्टीत बसल्यासारखं व्हायचं."

"माझं उलटंच आहे. सारखी थंडी! रविवारी दुपारी ह्यांच्या पाठीला नुसते पाय टेकवले, तर हे किंचाळून कोचावरून खाली!"

तेवढ्यात काचेबाहेर कंट्रोलरसाहेब दिसले. मागे येणारी गाडी थांबवावी तसे दोन्ही हात हलवत धावत येत होते. "माईक! बाई, माईक!"

"कुठला माईक?" मी विचारलं. आणि चारही फलाटांवरून माझाच घोगरा आवाज मला विचारू लागला, "कुठला माईक?"

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं वाटलं. पण धरणीही आमच्या गाड्यांसारखीच, वेळेवर दुभंगत नाही! पाच मिनिटांत खिडकीपाशी रांग लागली. एका ड्रायव्हरनं कोमट पाणी सुचवलं, एका आजींनी पोटावर शेक. मागून एका आजोबांनी ओरडून खुलासा मागितला, "चौथा म्हणजे सोमवारपासून धरून का?"

शेवटी एक पांढऱ्या पोशाखातल्या बाई आल्या. म्हणाल्या, "मी नर्स आहे. तुमचं बोलणं ऐकलं. म्हणजे, सगळ्यांनीच ऐकलं."

"बोला," मी कपाळाला हात लावून म्हटलं.

"पाळी जाताना बायकांना सहसा गरम होतं. तुम्हाला एवढी थंडी का, असा प्रश्न नाही पडला?"

नव्हता पडला! सगळ्याला एकच उत्तर तयार असलं की प्रश्न पडतो कशाला?

"आवाज आधीपासून असाच?"

"छे हो! घंटेसारखा होता."

"मग थायरॉइड तपासून घ्या. नुसतं रक्त द्यायचंय," असं म्हणून त्या निघून गेल्या, कारण त्यांची गाडी मी घोषणा न करताच सुटत होती.

डॉक्टरबाईंनी तपासून चिठ्ठी दिली, मी रक्त दिलं. रिपोर्टात टीएसएच नावाच्या आकड्यापुढे 'जास्त' असा बाण! आमच्या ह्यांनी चष्मा लावून निकाल दिला, "अगं, तुझं थायरॉइड वाढलंय." लगेच आम्ही फोनवर शोधून वाचलं. थायरॉइड जास्त झालं की वजन घटतं, गरम होतं, छाती धडधडते.

"अहो, ही मी नव्हेच! रक्त बदललं मेल्यांनी!"

आम्ही दोघं तावातावानं लॅबवर चाल करून गेलो. तिथल्या मुलीनं नाव, वेळ, माझी सही, सगळं दाखवलं. तरी मी ऐकेना. "ही बारीक, घामाघूम बाई शोधून काढा! बिचारी माझा रिपोर्ट घेऊन फिरत असेल!" शेवटी तिनं हात जोडून आम्हाला पुन्हा डॉक्टरबाईंकडे पिटाळलं.

डॉक्टरबाई पोट धरून हसल्या. मग विचारलं, "एखादी गाडी जागची हलतच नसेल, तर तुम्ही काय करता?"

"पुन्हा पुन्हा घोषणा करते. आवाज चढवते."

"बस्स! टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीची घोषणा. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी हलत नाही, म्हणून वरून आरडाओरडा चाललाय. आरडाओरडा जास्त, म्हणजे काम कमी."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं मी बाहेर जे करत होते, तेच आत माझ्यासाठी कुणीतरी घसा फोडून करत होतं, आणि मीच लक्ष देत नव्हते!

"म्हणजे पाळीचं काही नव्हतंच?"

"तेही आहे. दोन्ही एकाच वेळी आलीत आणि लक्षणं बरीच सारखी."

"मग केस कुणी पळवले? वजन कुणाचं?"

"अशी नेमकी वाटणी नाही करता येत हो! आधी थायरॉइड ताळ्यावर आणू. मग जे उरेल ते बघू."

सकाळी उपाशीपोटी एक गोळी, घोटभर पाण्याबरोबर, वर तासभर काही नाही. मी घरी येऊन डोकं चालवलं. एवढी मोलाची गोळी नुसत्या पाण्याबरोबर? मी ती पेलाभर दुधाबरोबर घेऊ लागले, सोबत हाडांसाठी कॅल्शियमची गोळी. दीड महिन्यानं आकडा जवळपास होता तिथेच!

"दूध? वर कॅल्शियम?" डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. "ती दोघं गोळीला आत शिरूच देत नाहीत! कॅल्शियम चार तासांनी घ्या. आणि हो, डोकं चालवू नका."

नाही चालवलं. पुढच्या दीड महिन्यात आकडा उतरला, शाल सुटली, आणि एका सकाळी माईकसमोर तोंड उघडलं तर आवाज खणखणीत! मी एका दमात चार गाड्या सोडल्या. कंट्रोलरसाहेबांनी काचेतून अंगठा दाखवला. पार्सल खिडकी टळली!

त्याच दिवशी दुपारी तक्रारवही माझ्याकडे आली. एका नेहमीच्या प्रवाशानं लिहिलं होतं, "घोषणा करणाऱ्या नव्या बाई फार घाई करतात. आधीचे वयस्कर गृहस्थ सावकाश, समजेल असं सांगत. त्यांना कृपया परत बोलवावे."

मी दोनदा वाचलं. मग खाली वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं, "सदर गृहस्थांची बदली झाली आहे," आणि मुकाट्यानं सही ठोकली.